मोडमामाच्या खिडक्या

कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी मोडमामा भिंतीवर टकटक करायचा. चहा बशीत ओतायचा आणि प्यायचा मात्र कपातून. नवी इमारत दिसली की 'छान आहे' म्हणायच्या ऐवजी 'चार दिवस' म्हणायचा. म्हणजे पाडायला. झोपेतही त्याची उजवी मूठ घण धरल्यासारखी आवळलेली असायची. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा व्याह्यांना म्हणाला, "मुलगी पसंत आहे. जिना मात्र फार दिवस टिकायचा नाही." लग्न झालं हे नशीब.

जन्मभर त्याने एकच धंदा केला. पाडकाम. अर्ध्या शहराला त्याने जमीन दाखवली होती. उरलेल्या अर्ध्याकडे तो आशेने बघायचा.

मग शहाण्यांची मतं फिरली. धडधाकट इमारत पाडायची, तिच्या विटा भाजायला जाळलेला कोळसा मातीत घालायचा, आणि नवीसाठी पुन्हा तेवढाच जाळायचा, हा कुठला शहाणपणा, असं ते विचारू लागले. उभी आहे तीच वापरा. या शहाण्यांत मामाची सूनही होती. इंजिनिअर. पोटावर पाय आला तोही घरातलाच.

"तुझ्यापायी माझा घण गंजतोय," मामा जेवताना म्हणायचा.

"मग माझ्याकडे या, बाबा. एक भिंत काढायची आहे. एकच."

बंद पडलेल्या छापखान्याचा दवाखाना करायचा होता. मालकीण डॉक्टरीणबाई. तिला खरं तर सगळं पाडून काचेचं काहीतरी चकचकीत हवं होतं. सुनेने डोकेफोड करून तिला कसंबसं राजी केलं होतं.

पहिल्या दिवशी सून दुपारी साइटवर आली. भिंत होती तिथेच होती. दारं-खिडक्या मात्र गायब. तीसेक चौकटी अंगणात मापाने रचून ठेवलेल्या. शेजारी मामा घाम पुसत, शाबासकीची वाट बघत.

पाडकामाचा नियमच तसा. आधी चौकटी काढायच्या, म्हणजे लाकूड शाबूत राहतं. मामाच्या हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

"मुकादम, हे काय?" साइटवर ती बाबा म्हणायची नाही.

मामाने इमारतीकडे बघितलं. मग चौकटींकडे. मग जमिनीकडे.

"साहेब," तो म्हणाला, "भिंत जेवणानंतर काढणार होतो."

डॉक्टरीणबाई आली. तिला आनंद लपवता येईना. "नाहीतरी दात काढलेच आहेत, आता डोकंही उतरवा. काम तुमचंच, मामा."

मामाच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगा. पण शेजारी सून उभी होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"नाही पाडणार," मामा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "चौकटी मी बसवून देतो. महिनाअखेरपर्यंत."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर खुशाल पाडा. पण दुसऱ्याकडून."

घरी मामी हसून हसून खाली बसली. "लग्नापासून भिंतीला एक खुंटी मारली नाही तुम्ही. आणि म्हणे खिडक्या!"

काढायची ती भिंत त्याने एका दुपारी काढली. बाकीचा महिना खिडक्यांनी खाल्ला. जुन्या गवंड्याने सगळं अंदाजाने बांधलं होतं. एक खिडकी बोटभर रुंद, दुसरी बोटभर उंच. कुठली कुठून काढली हे मामाला आठवेना. मापाने रचल्यामुळे होता तो क्रमही गेला होता. काढलेली वस्तू परत जायची असते, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तो शिकला. ओळंबा सोडायला, पाचर मारायला.

"हळू, मामा," साइटवरचा गवंडी ओरडायचा. "भिंत तुमची वैरीण नाही."

"सवय आहे रे. चाळीस वर्षांची भांडणं आहेत."

महिनाअखेरीला एक सोडून सगळ्या बसल्या. डॉक्टरीणबाई खोल्याखोल्यांतून फिरली. उजेड थेट टेबलांवर पडत होता. "राहू दे इमारत," ती म्हणाली. "तेवढी एक लवकर बसवा."

ती एकच बसेना. एकच चौकट, एकच जागा, आणि मध्ये दोन बोटांचा फरक.

"छाटू या, बाबा," सून म्हणाली. चक्क साइटवर.

"अगं, छाटून चूक जाते होय? माझी कुठली तरी चौकट भलत्याच जागी बसली आहे. फटीत माल भरला म्हणून कळलं नाही, एवढंच."

तो शेवटच्या खिडकीपासून उलटा निघाला. इंजेक्शनच्या खोलीतली चौकट उचकटली. ती शेवटच्या जागी चपखल बसली. मामा नाचायचाच बाकी होता. मग उरलेली चौकट इंजेक्शनच्या खोलीत लावून बघितली. बसेना. चूक एकटी नव्हती, तिला भावंडं होती.

"उद्या तपासणीच्या खोलीतली काढून बघतो," म्हणाला आणि घरी गेला. सकाळी उठलाच नाही. एका खिडकीसाठी आठवडा घालवणाऱ्या माणसाने एवढी मोठी गोष्ट अशी झटक्यात उरकली.

दवाखाना सुरू आहे. उरलेली चौकट इंजेक्शनच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. सुतार करवत घेऊन आला, तर सुनेने त्याला चहा पाजून परत पाठवलं. खिडकीच्या जागी अजून नुसतं भोक आहे. आत कुणी ओरडलं की रस्त्यावर ऐकू जातं.