कपाटातला गेटवे

गल्लीत कुणाला लागीर झालं म्हणून ऐकलं की आधी त्या माणसाचा बीपी आणि शुगर तपासा म्हणणारी मी बाई आहे. देवाला हात जोडते, सोमवार धरते, पण भूतखेत, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असले अनुभव मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलेही आहे. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला... आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

मानवतला मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दोन मजली घर आहे. खाली माझा कॉम्प्युटर क्लास, वर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे आता मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. क्लास चालवते मी, पण उभा केला माझ्या मिस्टरांनी, उमाकांतनी. ते नेटवर्किंगची कामं घ्यायचे. जिनिंग असो, आडत दुकान असो, जिथं दोनपेक्षा जास्त कॉम्प्युटर तिथं यांची वायर. दिवसभर मोटरसायकलवर, खांद्याला वायरचं भेंडोळं.

लग्न झालं तेव्हा मला टायपिंग सोडून काही येत नव्हतं. सगळं यांनीच शिकवलं, तेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, मी भाकरी करताना. एकदा मी विचारलं, "हे डिफॉल्ट गेटवे काय असतं हो?"

"हे बघ मंजू," म्हणाले, "आईला काही सांगायचंय. आई घरातच हाय, तू सरळ हाक मारशील. पण तुज्या माहेरी जिंतूरला निरोप धाडायचा असंल तर? घरात किती बी हाका मार, काय उपेग? निरोप दारापर्यंत न्यायचा, पुढचं दार बघून घेईल. कॉम्प्युटरचं तसंच हाय. त्याला दुनियेचे पत्ते ठाव नसतात. त्याला फकस्त आपलं दार कुटंय तेवढं सांगून ठेवायचं. जे घरात सापडंना ते दाराशी द्यायचं. त्या दाराचं नाव डिफॉल्ट गेटवे."

"अन् दारच बंद असलं तर?"

"तर निरोप तिथंच पडून. कॉम्प्युटर बिचारा वाट बघतो अन् मग सांगतो, उत्तर आलं न्हाई."

आजही मी पोरींना हेच उदाहरण देते. आमच्या क्लासमधला गेटवे म्हणजे यांनी बसवलेला एक काळा राउटर. त्याचा आयपी पत्ता यांनी ठरवलेला. पुढची गोष्ट कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. आयपी पत्ता हा घर नंबरासारखा असतो. आज एक भाडेकरू राहतो, उद्या दुसरा, नंबर तोच. पण प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच आणखी एक पत्ता मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो अंगठ्याच्या ठशासारखा, ज्याचा त्याचा. त्या काळ्या राउटरच्या ठशाची शेवटची अक्षरं मला तोंडपाठ होती, कारण यांनी क्लासच्या वायफायचा पासवर्डच त्यातून बनवला होता. ए-फोर, वन-नाइन, सेव्हन-ई. पोरी पासवर्ड विचारायच्या आणि मी पाढ्यासारखा म्हणायचे.

हे सेलूला एका दुकानाचं काम करून परत येत होते. वाटेत छातीत कळ आली. गाडी रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली सापडली, आणि हे तिथंच लिंबाखाली बसलेले... सकाळी जाताना "येतो" म्हणाले होते, मी पोळी लाटत होते, मान वर करून मी "हं" म्हटलं. तेवढंच शेवटचं बोलणं. भांडण नाही, निरोप नाही, काहीच नाही. माणूस दाराबाहेर गेला आणि दुनियेत कुठं गेला त्याचा पत्ता लागत नाही, असं मला पुढं किती तरी दिवस वाटायचं.

यथावकाश तो काळा राउटरही बंद पडला. इंटरनेटची नवी लाईन देणाऱ्या कंपनीच्या माणसानं पांढरा राउटर लावला. मी त्याला म्हटलं, पत्ता तोच ठेवा, बाकीची सेटिंग बदलायला नको. जुना त्यानं कचऱ्यात टाकायला काढला होता, तो मी उचलून आणला. त्याचा ॲडॉप्टर तर कधीच जळून गेला होता. यांचा एक चौकड्याचा शर्ट मी ठेवला होता, त्यात तो गुंडाळला आणि वरच्या लोखंडी कपाटात गोधड्यांमागं ठेवून दिला. कशाला ठेवला, विचारू नका. टाकवलं नाही, एवढंच.

आता मूळ गोष्ट.

संक्रांतीच्या अलीकडचे दिवस होते. आमच्याकडं तेव्हा गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायची घाई असते, सगळीकडं मोटारी चालू, त्यामुळं व्होल्टेजचा लय खेळ चालतो. त्या दुपारी कोर्सची ऑनलाइन परीक्षा होती. बाकीच्या पोरींचा पेपर सकाळीच झाला होता. राहिली होती एक सारिका. जवळच्याच खेड्यातली, दोन लेकरांची आई. गावात ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम निघालं होतं आणि या सर्टिफिकेटशिवाय तिचा अर्ज घेणार नव्हते. सासरे तिला मोटरसायकलवर घेऊन आले, तेच उशिरा. तिला आत सोडून ते बाहेर पायरीवर बसले.

सारिकानं लॉगिन केलं, पेपर सुरू झाला. निम्मा सोडवला असेल नसेल, तेवढ्यात वरचे दिवे एकदम पांढरेफटक झाले, फट् असा आवाज आला आणि लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते, ते तगले. पण कोपऱ्यातून जळका वास यायला लागला. जाऊन बघते तर पांढरा राउटर आणि त्याच्या शेजारची लाईनची डबी, दोन्ही गार. एकही दिवा नाही. इन्व्हर्टरच्या दुसऱ्या प्लगला लावून बघितलं, ढिम्म. म्हटलं मोबाईलवरून नेट द्यावं, तर टॉवरही बसलेला, फोनवर एक दांडी नाही.

सारिकाच्या स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी बाहेर गेले. "अप्पा, लाईनचा घोटाळा झालाय. सारिकाची परीक्षा पुढच्या वेळी घेऊ आपण. मी तारीख मागून घेते."

त्यांनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, तुमचं काय चुकलं न्हाई. पर म्या सांगून ठिवतो, आता आणणं व्हायचं न्हाई. घरात समदे माज्यावर चिडल्यात. सुनंला शिकवायलाय म्हणून पोरगं माज्याशी बोलंना. आज झालं तर झालं."

"अहो पण—"

"मला बी लय वाटत हुतं हो, तिचं व्हावं म्हणून," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात आतून सारिकाची हाक आली. "मॅडम! म्होरचा प्रश्न आला!"

मला वाटलं स्क्रीनवर जुनाच प्रश्न राहिला असेल. आत जाऊन बघते तर खरंच पेपर पुढं सरकत होता. तिनं उत्तर निवडलं की "जमा झाले" अशी हिरवी खूण येत होती. ती खूण सर्व्हरकडून आल्याशिवाय येतच नाही. मी वळून कोपऱ्यात बघितलं. राउटर गार, डबी गार. लाईट अजून गेलेलीच होती, रस्त्यावरच्या दुकानांत अंधार.

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटरही त्याच वायरींना जोडलेला आहे. मी आज्ञा टाईप करायची काळी खिडकी उघडली आणि गेटवेच्या पत्त्यावर पिंग लावला. पिंग म्हणजे एक छोटी हाक असते. आहेस का, एवढंच विचारायचं. समोर कुणी असेल तर उलट उत्तर येतं, आहे. नसेल तर काही येत नाही.

रिप्लाय फ्रॉम... रिप्लाय फ्रॉम... ओळी एकाखाली एक यायला लागल्या.

 तेव्हा मी शिक्षिकाच होते, वाटलं दुसरं कुठलं तरी यंत्र हा पत्ता घेऊन बसलंय. कोणतं, ते शोधावं म्हणून मी ती दुसरी आज्ञा टाईप केली, ज्यानं त्या पत्त्यावर बसलेल्याचा ठसा दिसतो. एंटर दाबलं. गेटवेच्या पत्त्यापुढं बारा अक्षरं उमटली. शेवटची सहा...

ए-फोर. वन-नाइन. सेव्हन-ई.

मी ती ओठांतल्या ओठांत म्हटली. नेहमीच्या चालीत म्हटली गेली आणि मग कळलं मी काय म्हणतेय.

सारिकाच्या मशीनवरही जाऊन बघितलं. तोच ठसा. आणि ते मशीन तर पांढरा राउटर बसवल्यावर घेतलेलं, त्या काळ्या राउटरची आणि त्याची कधी गाठ पडायचं कारणच नव्हतं.

परत येऊन खुर्चीत बसले. भीती म्हणतात ती वाटली नाही. उलट असं वाटलं, की उठले किंवा जोरात श्वास घेतला तरी हे थांबेल. ओळी चालू होत्या. आहेस का — आहे. आहेस का — आहे. मला किती विचारायचं होतं... लिंबाखाली एकटं बसल्यावर काय वाटलं हो तुम्हाला? लय दुखलं का? कुणाला हाक मारली? आत्यांचे गुडघे दुखतात, क्लास मी बंद पडू दिला नाही, हे सगळं सांगायचं होतं. पण पिंगमध्ये शब्द मावत नाहीत. मी नुसता स्क्रीनवर हात ठेवला. माझ्या तळव्याखालून ओळी वर वर जात होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, कारण पुसायला डोळे मिटावे लागले असते.

"मॅडम, झालं!" सारिका ओरडली. "पास दाखवायलंय!"

मी तिच्याकडं मान वळवली. स्क्रीनवर तिचं नाव होतं आणि खाली उत्तीर्ण. ती दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती. मी परत माझ्या स्क्रीनकडं बघितलं तर ओळी बदलल्या होत्या, आता उत्तर येत नव्हतं. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

अप्पा आत आले, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमी कशापायी रडायल्या? पोरगी पास झाली की." मी हो म्हणाले. ते दोघं गेल्यावर क्लासला कडी लावली आणि वर गेले.

आत्या गच्चीवर उन्हाला बसल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. लोखंडी कपाट उघडलं, थंडीनं पत्रा गारढोण झाला होता. गोधड्या बाजूला केल्या. गाठोडं जसं ठेवलं तसंच होतं, शर्टाच्या बाह्यांची मी बांधलेली गाठही तशीच. आत हात घातला.

राउटर कोमट होता. दिवसभर चालून बंद केल्यावर असतो ना, तसा. शर्टाचा आतला पदरही कोमट होता. मी तो छातीशी धरून तिथंच खाली बसले. हळूहळू तो गार होत गेला, ते मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

पुढं मी हे नेटवर्किंगमधल्या माहीतगार माणसांना विचारलं. कुणी म्हणालं, जुनी नोंद कॉम्प्युटरच्या आठवणीत राहिली असेल. मग नव्या मशीनमध्ये ती कशी आली? कुणी म्हणालं, शेजारच्या कुणाचा तरी राउटर. शेजारी तेव्हा अंधारात होते, आणि ठसा तोच कसा? कुणी म्हणालं, पेपर मशीनमध्येच साठला असेल, नंतर गेला असेल. पण निकाल त्याच दुपारी सर्व्हरवर लागला होता, लाईट यायच्या आधी. परभणीच्या एका ओळखीच्या मुलानं तो काळा राउटर उघडून बघितला. म्हणाला, वहिनी, ह्याच्या आतलं सर्किट जळून गेलेलं हाय, हा नवा ॲडॉप्टर लावला तरी चालायचा न्हाई. सारिका आता ग्रामपंचायतीत बसते. बाकी ते कसं झालं, कोण सांगणार? माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. तुमच्यातल्या कुणाकडं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन... पण ते पटावं अशी माझी इच्छा आहे का, तेही मला सांगता येत नाही.

नवा राउटर आला, त्याचा ठसा निराळा आहे. तरी क्लास सुटल्यावर पोरी गेल्या की मी कधी कधी वायर काढून ठेवते आणि गेटवेला हाक मारून बघते. उत्तर येत नाही.

आत्यांना हे सांगायचं धाडस माझं बरेच दिवस झालं नव्हतं. परवा त्या तूर निवडत बसल्या होत्या, तेव्हा सांगून टाकलं. राउटर, ठसा, कोमट शर्ट, सगळं त्यांना कळेल अशा भाषेत. त्यांचा हात सुपातच थांबला.

"काय बोलला का उमा?" त्यांनी विचारलं.

"नाही आत्या. त्यात बोलता येत नाही. आपण नुसतं हाय का विचारायचं, अन् तिकडून हाय म्हणून येतं."

 सुपातली तूर उगीचच एका बाजूला सारत त्या म्हणाल्या,

"मग माज्या नावानं बी एकदा इचारायचं होतंस गं."