वैजनाथ मापाड्याची आवडती मालिका

वैजनाथ अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. पोती काट्यावर चढवायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे तीस वर्षांचं काम. त्या पुकारण्यानं आवाज असा झालेला, की घरात साधं पाणी मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटावं. त्याला हसताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र एका मालिकेनं त्याला वेड लावलं. त्यातलं सगळं घरच चक्रम. बाप टिकल्या लावलेला कोट घालून भाजी आणायला जायचा, आजी पेटी वाजवत सुनेशी भांडायची, आणि मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा शेवटी नाचायला लागायचे. साडेसात वाजले की वैजनाथ हातपाय धुऊन टीव्हीपुढं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. त्याची बायको सिंधु तेवढा वेळ स्वयंपाकघरात काढायची. त्याला वाटायचं, हिला गाण्याची आवडच नाही.

एका भागात त्या घरातली मुलगी लग्नाच्या स्टेजवर गाता गाता अडली. बाप कोट सावरत वर चढला आणि बेसूर आवाजात तिच्याबरोबर गायला लागला. वैजनाथनं मांडीवर थाप मारली.

"सिंधु, बघ तर! बाप असावा तर असा!"

सिंधु पिठाच्या हातांनी दारात आली. "आपली उज्वला गल्लीतल्या लग्नात घागरा घालून वऱ्हाडापुढं गायली, तवा तुमी काय केलं?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"तिचा घागरा अंगणात जाळलात. सारी गल्ली बघत होती. पोरगी अंगावरच्या कपड्यानिशी नांदेडला गेली. चार वर्षं झाली. अन् आता दुसऱ्याच्या पोरीला टाळ्या वाजवायलाव?"

त्यानं टीव्ही बंद केला. जेवला नाही. त्या आठवड्यात मोंढ्यात वजन पुकारताना दोनदा चुकला, लोकांनी हटकलं. रविवारी त्यानं सिंधुकडं उज्वलाचा पत्ता मागितला. तो इतकी वर्षं तिच्याजवळ होता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

नांदेडला खोली सापडेपर्यंत दुपार झाली. दार उघडलं आणि बापाला बघून उज्वला एक पाऊल मागं सरली. ते त्यानं पाहिलं.

"आई बरी हाय ना?"

"हाव. बरी हाय."

वाटेत एसटीत जुळवलेलं सगळं बोलणं तो विसरला. "उज्वला, माझं चुकलं," एवढंच म्हणाला. तेही इतक्या मोठ्यानं, की शेजारचं दार उघडलं.

तिनं त्याला आत घेतलं, चहा दिला. स्वतः उभीच राहिली.

"बाबा, तुमी आलात, चांगलं झालं. पण मला अजून तुमची भीती वाटती. संध्याकाळी माझा गाण्याचा प्रोग्राम हाय. जीव घाबरला की आवाज फुटत न्हाई माझा. तुमी आता निघा."

तो निघाला.

घरी येऊन त्यानं सिंधुला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटीच लेकीकडं गेली. दोन आठवडे झाले, अजून तिकडंच आहे. रोज फोन करते, जेवलात का म्हणून विचारते. उज्वला जवळ आहे का, असं वैजनाथ विचारतो. ती जवळच असते. पण फोनवर अजून आलेली नाही.