चाकातली घूं घूं

गल्लीत त्यांना सगळे पत्रेनाना म्हणत. पत्रा ठोकायच्या धडधडत्या प्रेसवर उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतरही काम नीट झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

उद्या सकाळी लेकीला आणि तिच्या बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. म्हणून नानांनी आपली जुनी गाडी तपासायला नेली. मिस्तरी एक फेरी मारून आला.

"पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. घूं घूं करतंय."

"मला नाही ऐकू आलं!" नानांनी किल्ली हिसकावली. गाडी म्हातारी दिसली की गॅरेजवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांचं ठाम मत.

दुसऱ्या गॅरेजात तेच. तिसऱ्यातही तेच. नाना गाडीभोवती फेऱ्या घालू लागले. यांनी आपसात ठरवलंय, की खरंच चाकात काही आहे? आणि उद्या बाळ गाडीत असतानाच चाक जाम झालं तर? खुर्ची दिली तरी बसवेना.

"आवाज असता तर मला आला असता!"

"नाना, ओरडताय कशाला? मी काय पलीकडच्या गावात आहे?"

"मी ओरडत नाहीये!" नाना ओरडले.

तिसऱ्या मिस्तरीनं हातातला पाना खाली ठेवला. "काम कुठं करायचात?"

"प्रेसवर."

त्यानं समजून मान हलवली. जॅक लावून गाडी उचलली, नानांचा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक फिरवलं. बोटांना खरखर लागली, आत कुणी वाळू दळत असल्यासारखी. मग उजवं चाक फिरवलं. तिथं हाताला काहीच लागलं नाही.

नानांनी पुन्हा डावं पाहिलं. पुन्हा उजवं.

"बदल," ते म्हणाले. "तिरकं ठोकू नकोस. मी बघतोय."

"बघा. पण बसून बघा."

"बसून काम दिसत नाही."

बेअरिंग बसलं. तरी घरी येताच त्यांनी बायकोला गाडीत बसवून एक चक्कर मारली.

"गेला का आवाज?"

"गेला की."

"म्हणजे तुलाही येत होता? कधीपासून?"

"बरेच दिवस. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

नानांनी पुढचं वळण सावकाश घेतलं.

"उद्या पुढं माझ्याजवळ बस. गाडीत काही वाजलं, बाळ रडलं, लगेच सांग!"

"सांगेन हो. पण ओरडू नका, शेजारीच बसलेय."