पावणेसहाची गाडी आणणाऱ्या मॅडम

वणीच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडम नाशकात राहायच्या. तिकडून येणाऱ्या इतर शिक्षकांनी मिळून एक मोटार ठरवली होती. तीत मॅडमना जागा होती, पण निवृत्त होईपर्यंत त्या बसनेच आल्या. बस चुकली की आमचा पहिला तास बुडायचा. मुख्याध्यापक बोलायचे, मॅडम ऐकून घ्यायच्या. "मी स्वतः बसत नसेन, तर बस सुधारा असं सांगायचा मला काय अधिकार?" असं त्यांचं म्हणणं. त्यापायी आमचा भूगोलाचा भाग कधीच वेळेत संपला नाही. आम्ही त्यांना बसवाल्या मॅडम म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं.

थांब्यावर उभ्या असल्या की त्या शेजारच्या माणसाला दोन गोष्टी हमखास विचारायच्या, कुठे जायचंय आणि केव्हापासून उभे आहात. भाजीची पाटी घेतलेल्या बाया, द्राक्षबागेत कामाला निघालेले मजूर, दवाखान्यात चाललेले म्हातारे, सगळ्यांशी त्यांचं हे बोलणं चालायचं. एकदा मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "बसलेल्या माणसाचं तिकीट फाटतं, म्हणून तो दिसतो. वाट बघून कंटाळून चालत निघून गेला, तो कोणाला दिसतो?" तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं.

आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी, शाळेपासून बारा किलोमीटर. संध्याकाळची बस सव्वापाचला सुटायची आणि शाळा सुटायची साडेपाचला. त्यामुळे आम्ही मुली काळीपिवळी जीपने जायचो. आत जागा नसली की मागच्या पायरीवर लोंबकळत जायचं. नववीत असताना एका वळणावर माझ्याच बाकावरची सुनंदा पायरीवरून पडली. पाय मोडला. तिच्या वडिलांनी शाळा बंद केली.

तिला पुन्हा शाळेत धाडा, असं सांगायला मॅडम मला सोबत घेऊन तिच्या घरी गेल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पाय मोडला, तो जुळंल. उद्या जिवाचं काय झालं तर मी कुनाला विचारू? तुम्ही गाडी आना, मी पोरगी धाडतो."

दुसऱ्याच दिवशी त्या बसच्या आगारात गेल्या. तिथल्या साहेबांनी सांगितलं की सव्वापाचची गाडी रिकामीच धावते, ती बंद करायचा प्रस्ताव वर गेला आहे. मॅडमनी वाद घातला नाही. "एक संध्याकाळ माझ्याबरोबर स्टँडवर उभे राहा," एवढंच मागितलं. साहेब आज-उद्या करत राहिले. मॅडम रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायच्या, तासाभराने उठून नाशिकची गाडी धरायच्या. असे तीन महिने गेले. शेवटी एका सोमवारी साहेब आले.

सव्वापाचची गाडी सुटली तेव्हा आत चार माणसं होती. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अजून वीस मिनिटं थांबा." मग शाळा सुटली आणि आम्ही पन्नासएक मुली स्टँडवर आलो. जीपभोवती रोजची ढकलाढकली सुरू झाली. साहेबांनी मला थांबवून विचारलं, तू कशी जाणार? मी जीपच्या पायरीकडे बोट केलं. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. महिन्याभरात गाडीची वेळ पावणेसहा झाली. पहिल्या दिवशी मला उभं राहायलाही जेमतेम जागा मिळाली.

मॅडम पुन्हा सुनंदाकडे गेल्या. वडील शब्दाला जागले, उद्यापासून धाडतो म्हणाले. पण सुनंदाच नको म्हणाली. वर्ग पुढे गेला, आता खालच्या पोरींत बसायची लाज वाटते, असं तिनं मान खाली घालून सांगितलं. मॅडमनी तिला परोपरीनं समजावलं, ती नाहीच आली. पावणेसहाच्या गाडीबद्दल कोणी कौतुक केलं की मॅडम फक्त म्हणायच्या, "चार महिने उशीर झाला."

निवृत्तीनंतर नाशकात रस्त्यांबद्दल, उड्डाणपुलांबद्दल कुठेही बैठक असली की त्या जाऊन बसायच्या. पुलाला त्यांचा विरोध नव्हता. त्या पैशातला थोडा भाग बसना द्या, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना डबे वाढवा, नाहीतर घरटी दोन मोटारी होतील आणि गावाचा श्वास कोंडेल, असं त्या शांतपणे मांडायच्या. लोक घड्याळ बघायचे. त्या पुढच्या बैठकीला पुन्हा हजर.

मी शहराच्या बससेवेत नोकरीला लागले तेव्हा पेढे घेऊन गेले. कामावर कशानं जाणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी नुकतीच कार घेतली होती, ओशाळून तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "जा की कारनं. पण आठवड्यातून एकदा थांब्यावर उभी राहत जा. खुर्चीत बसून वाट बघणं कळत नाही."

यंदाच्या श्रावणात त्या गेल्या. त्यांच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात होते. पेठ रोडकडच्या वस्त्यांना सकाळच्या दोन गाड्या द्यायच्या की नाही, हा विषय अर्ध्या तासात बैठकीत निघणार होता. तिकडून मजूर पहाटेपासून चालत येतात, हे तिथं माझ्याशिवाय कोणी सांगणार नव्हतं. मी थांबले. विषय निघाल्यावर ते सांगितलं. दोनऐवजी एक गाडी मिळाली.

मी पोहोचले तेव्हा मॅडमना घेऊन गेले होते. अंगणात पाणी टाकलेलं होतं. लेक दारातच बसली होती. मी तिच्याजवळ टेकले आणि उशीर का झाला ते सगळं सांगितलं. शेवटचं पाहायचंही राहिलं, असं म्हणताना मला रडू आवरेना.

तिनं माझा हात धरला. "आईला चाललं असतं," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "सकाळी किती वाजता सुटणार ती गाडी?"