काजळाची रेघ

वयनीचा पाय मी वाचवला, असं आमच्या वाडीत अजून सांगतात. ते खोटं आहे. हे बोलायचं मी इतकी वर्षं टाळत आलो.

वयनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ मुंबईला गिरणीत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं शेत मी आणि वयनी बघायचो. तिला मधुमेह होता. मुंबईच्या डॉक्टरने बजावलं होतं, पायांची जाण गेली आहे, जखम झाली तरी कळणार नाही, तळवे रोज बघा. म्हणून ती रोज तिन्हीसांजेला आरसा धरून तळवे बघायची.

"वयनी, तळव्यांना कुंकू लावतेस काय गो?"

"तुमची बायको आली की तिच्या लावा, भावजी."

त्या वर्षी पेरणीआधी भाताच्या रोपांच्या जागेवर पाला-शेण पसरून राब भाजायला घेतले. वयनी अनवाणी राखेतून फिरली. खाली निखारा होता. आरशात फोड दिसला तेव्हा तिला समजलं. पुढे तो फुटला, भोवती लाली चढली. तिने लालीच्या कडेने काजळाची रेघ ओढली. सकाळी लाली रेघ ओलांडून घोट्याकडे गेलेली, अंगात ताप.

"मला महाडला न्या."

"दुखतं काय?"

"नाय."

"मग? अर्धे राब भाजायचे हायत."

"न दुखणारीच जखम वायट. पाय माझा हाय भावजी, राब तुमचे."

ओटीवरूनच तिने राबावरच्या गड्यांना हाक मारली आणि डोली बांधायला लावली. मी तोंड फुगवून मागून चाललो.

महाडच्या डॉक्टरने पू काढला, सडलेलं मांस कापलं, इन्शुलिनच्या सुया सुरू केल्या. म्हणाला, "उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता. वेळेवर आणलंत." हे तो मला म्हणाला. वयनी ग्लानीत होती. मी मान डोलावली, आणि गड्यांनी तेच वाडीत नेऊन सांगितलं.

पाय राहिला. गौरीच्या फेरात वयनी सगळ्यांच्या पुढे होती. वहाणा घालून राबात उतरणारी वाडीतली पहिली बाई तीच. बाया हसल्या, ती मुद्दाम वहाणा वाजवत गेली. पुढे कुणाला मधुमेह निघाला की ते माणूस तिच्याकडे तळवे दाखवायला यायचं.

ती थकल्यावर एकदा मी महाडहून तिला नव्या वहाणा नेल्या. वाटभर वाक्य जुळवत होतो: वयनी, डोली तू बांधायला लावलीस, मी अडवत होतो, मला माफ कर.

तिने वहाणा उलटसुलट करून माझ्याच हातात दिल्या.

"आत खिळा वर आलाय काय, बघा जरा."

मी आत बोटं फिरवली.

"नाय," म्हणालो. तेवढंच म्हणालो.