माझ्यासमोर बंद पडू दे

आमचे हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. गॅरेज घराला लागूनच, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचा संसार दिसतो. माझ्याशी आहे तो जोडधंदा.

यांचा एक हट्ट. बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बाकीचे लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. हे म्हणणार, "अंदाजपंचे काम मी करत नाही. माझ्यासमोर बंद पडू दे, मग बघतो." चांगली चालणारी गाडी बंद पडायची वाट बघत बसणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या पदरात पडला.

दुसरी सवय मात्र मला आवडायची. गिऱ्हाइकाने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला की हे गाडीची किल्ली तेवढी काढून घेणार आणि बाकीच्या किल्ल्या त्याच्या हातात परत देणार. "लोकांच्या घरादाराच्या किल्ल्या आपल्याकडे नकोत. उद्या काही झालं तर नाव आपलं," म्हणायचे. बरोबरच होतं ते.

मागच्या गल्लीत कपडे शिवणारे मास्तर राहतात. एका सकाळी ते वडिलांच्या वेळची जुनी गाडी घेऊन आले. चालता चालता झटके खाते, मग डॅशबोर्डवरचे सगळे दिवे जातात आणि इंजिन गप्प. जरा वेळाने किल्ली फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू. यांनी नेहमीसारखी किल्ली काढून घेतली आणि दुकानाच्या, शटरच्या, कपाटांच्या किल्ल्यांचा तो भलामोठा जुडगा मास्तरांना परत दिला.

मास्तरांना घाई होती. या गाडीवरूनच त्यांचं आणि मोठ्या भावाचं बिनसलं होतं, कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. आता भाऊ गावाकडे अंथरुणाला खिळला होता. त्याने स्वतःहून फोन केला होता, "ये. आणि गाडी घेऊन ये, मला एकदा तिच्यात बसव."

यांनी गाडी पार उघडली. प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, बॅटरीचं अर्थिंग, इग्निशन स्विच, सगळीकडे करंट तपासायचा दिवा लावून बघितला. दिवा एकदाही लुकलुकला नाही. गाडी तापवून बघितली, पाणी मारून बघितली, खड्ड्यांतून हाकली. एकदासुद्धा झटका नाही. डॉक्टरसमोर आजारी माणूस ठणठणीत होतो, तसली गत.

मास्तर रोज यायचे, बाकावर बसायचे आणि तिथूनच भावाला फोन लावायचे. "उद्या निघतो. गाडी अजून मिस्त्रींकडे आहे."

शेवटी मास्तर म्हणाले, "मिस्त्री, अशीच नेऊ का? पडली बंद तर थांबेन रस्त्यात."

"चढावर बंद पडली आणि मागून ट्रक आला तर? मी नाही देणार."

मी खिडकीतून म्हटलं, "मास्तर, बसने जा ना. माणूस महत्त्वाचा की गाडी?"

"वहिनी, गाडीशिवाय गेलो तर म्हणेल, अजून तिला कवटाळूनच बसलाय. काल फोनवर म्हणालाच तो, गाडीचं निमित्त कशाला सांगतोस, यायचं नसेल तर सरळ सांग."

हे ऐकून यांना वाईट वाटलं असणार, कारण मान खाली घालून पुन्हा त्याच वायरी तपासायला लागले. पण गाडी काही दिली नाही. आणि चुकीचं काय होतं त्यात? माणसाच्या जिवाचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले ते बाकावर बसलेच नाहीत. "किल्ली द्या. गेला तो," एवढंच बोलले.

यांनी किल्ली दिली. मास्तरांनी सवयीने ती जुडग्यात अडकवली, गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेरच्या उंचवट्यावरून चाक उतरलं तोच गाडीने झटका खाल्ला आणि बंद पडली. हे धावले. दारातून आत वाकले, तर किल्लीला लटकलेला जुडगा अजून हेलकावे खात होता. यांनी तो हातावर उचलून धरला आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू. जुडगा सोडून जरा हलवला. बंद.

झिजलेला स्विच त्या वजनाने ओढला जाऊन करंट तोडत होता. नुसत्या किल्लीवर तो कधीच तुटला नसता. आणि आमच्या गॅरेजात ती गाडी सगळे दिवस नुसत्या किल्लीवरच चालली होती.

किल्ली जुडग्यातून सोडवत हे म्हणाले, "मास्तर, पहिल्याच दिवशी जुडग्यासकट चालवून बघितली असती तर तुम्ही भावापर्यंत पोचला असता. माझ्यामुळे राहिलं."

मास्तरांनी जुडगा खिशात टाकला. मग म्हणाले, "तुम्ही येता का बरोबर? माझ्या वहिनीला सांगा, गाडी खरंच तुमच्याकडे होती म्हणून. माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही."

यांनी हात पुसले आणि तसेच मळक्या कपड्यांत शेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी परत आले ते पायरीवरच बसले. मी पाणी दिलं, ते हातात धरूनच ठेवलं.

"सांगितलंत का?" मी विचारलं.

"सगळं सांगितलं. स्विच, किल्ल्या, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, मला कशाला सांगता? काल रात्रीपर्यंत ते दाराकडे बघत होते, त्यांना सांगायचं होतंत."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

हे म्हणाले, "मास्तर रोज माझ्यासमोर बसून त्याला फोन करत होते गं. एकदा तरी म्हणायचं होतं मी, आणा तो फोन इकडे, मी बोलतो."