कँटीनमधले चाळीस होकार

"अण्णा, मत तुम्हालाच." कँटीनमध्ये चहाच्या सुट्टीत मी चाळीस जणांना विचारलं. चाळीसच्या चाळीस जण हेच म्हणाले.

चाकणच्या एका कंपनीत मी फिटर होतो. युनियनच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो होतो. आमच्या पॅनलमध्ये, म्हणजे गटात, इच्छुक दोघं. म्हणून आधी आपसात मतदान घेतलं. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर ही भली मोठी रांग. मी निवडून आलो. समोरच्या पॅनलनं सातपुतेचं नाव बसल्या बसल्या ठरवलं. त्यांच्या मीटिंगला काळं कुत्रं फिरकलं नाही.

मग पेंट शॉपचा, म्हणजे रंगकामाच्या विभागाचा, कदम आला. "अण्णा, मला उपाध्यक्ष करा, आमच्या शॉपची मतं तुमची. उद्यापर्यंत सांगा. न्हाईतर आमी सातपुतेकडं."

घरी काळेवाडीला आलो. बायकोला, हिराला, सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"रांग तुमच्यात भांडण होतं म्हणून लागली," ती म्हणाली. "त्यांच्यात भांडणच न्हाई, तर येतील कशाला? खऱ्या मतदानाला येतीलच की."

"आन् ते चाळीस जण?"

"तुमच्या तोंडावर कोण न्हाई म्हणंल? तू कुणाला देणार, असं इचारू नका. तुझ्या शेजारचा कुणाला देईल, ते इचारा."

दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना तसं विचारलं. "माझं तुम्हालाच, अण्णा. पण आमच्या लाइनवर सातपुते चाललाय राव." दुसराही तेच म्हणाला. तिसराही. दहाव्यानंतर मी विचारणंच बंद केलं. डोकं फिरलं होतं. त्याच तिरमिरीत कदमला सांगितलं, "तुझी गरज न्हाई."

अकरा मतांनी पडलो. एकट्या पेंट शॉपची मतं तीसच्या वर होती.

घरी गेलो. हिरानं ताट वाढलं. गोडाचं काही केलं नव्हतं.

आता मी रिटायर आहे. हिराला जाऊन दीड वर्ष झालं. टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीचं चालू असतं. पक्षाच्या आतल्या मतदानाला कुणाकडं किती गर्दी, फोनवर किती लोक काय म्हणाले, त्यावरून कोण येणार ते सांगतात. सांगू देत. गर्दी भांडण बघायला होते, आणि तोंडावर माणूस गोडच बोलतो.

माझ्याशी तसं न बोलणारं एकच माणूस होतं.